अर्थमंत्र्यांना खुले पत्र : म्हातारपण कळवल्याशिवाय येत नाही

मा. अर्थमंत्री महोदय / महोदया,
(देश कोणताही, पक्ष कोणताही)

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या काही वर्षांत तुमच्या भाषणांत एक वाक्य हमखास असतं : लोकसंख्येचं सरासरी वय वाढतंय, पेन्शन आणि दवाखान्यांचा खर्च वाढतोय, तिजोरीवर ताण येतोय. वाक्यात चूक काही नाही. खटकतो तो सूर. महापूर यावा, टोळधाड यावी, तसं हे म्हातारपण अवचित तुमच्या दारात येऊन बसलं, असा तो सूर असतो.

मी विमागणिती, म्हणजे ज्याला सगळे ॲक्चुअरी म्हणतात तो. कोणत्या वयाची किती माणसं यंदा मरतील आणि किती जगतील याचे तक्ते मांडायचे, त्यावरून हप्ता ठरवायचा आणि मग हप्ता जास्त वाटणाऱ्याची बोलणी खायची, यात माझी नोकरी सरली. त्या अनुभवावर सांगतो की सरकारच्या साऱ्या खर्चांत सगळ्यात आधी कळणारा खर्च म्हाताऱ्यांचाच. युद्ध कधी पेटेल, तेल कधी भडकेल, साथ कधी येईल हे कुणाला सांगता येत नाही. पण २०६० साली जो पासष्टीला पोचणार आहे तो १९९५ सालीच जन्मला. त्याची नोंद तुमच्या दप्तरात आहे. त्याने किती हप्ते भरले, तो किती वर्षं जगण्याचा संभव आहे, सगळं तुमच्याच माणसांनी मांडून ठेवलेलं असतं. तरी दर अर्थसंकल्पात तुम्ही त्याच्याकडे पाहून दचकता.

आधीच कबूल करतो की मी स्वतः आता पेन्शन खातो. या पत्रातलं अर्धंअधिक माझ्याच पिढीच्या विरोधात जाणारं आहे.

सुरुवात जुन्या गोष्टीने करू. जानेवारी १९४० मध्ये अमेरिकेत आयडा मे फुलर या बाईंना सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेचा पहिला मासिक धनादेश मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्याआधीच्या तीन वर्षांत त्यांच्या पगारातून एकूण २४ डॉलर ७५ सेंट कापले गेले होते. म्हणजे दुसऱ्याच महिन्यात भरलेलं सगळं वसूल. बाई पुढे वयाच्या शंभरीपर्यंत जगल्या, १९७५ साली गेल्या आणि तोवर त्यांना जवळजवळ २२,९०० डॉलर मिळाले होते. यात लबाडी कुणाचीच नव्हती. महामंदीत होरपळलेल्या पिढीला कुणीतरी हात द्यायलाच हवा होता. पण योजनेचं पोट या एका उदाहरणात उघडं दिसतं : आज काम करणाऱ्याच्या पगारातून आज निवृत्त झालेल्याचं पेन्शन. मधे तिजोरी नाही, साठा नाही. असतं ते फक्त वचन, की तुझी वेळ येईल तेव्हा पुढचे लोक तुझ्यासाठी भरतील.

अशा योजनेवर परतावा किती मिळतो याचं गणित अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५८ साली मांडलं. कामकऱ्यांची संख्या आणि त्यांचे पगार मिळून ज्या वेगाने वाढतात, साधारण तेवढाच. दोन्ही वाढत असतात तोवर सगळे खुश असतात. प्रत्येक पिढीला भरल्यापेक्षा जास्त मिळतं आणि निवडणुकीच्या वर्षी थोडं आणखी द्यायलाही हात आखडत नाही. संख्या वाढायची थांबली की तीच योजना कंजूष वाटू लागते. तिच्यात काही बिघडलेलं नसतं. ती जन्मापासून अशीच होती, फक्त कुणी मोठ्याने सांगितलं नव्हतं.

बिस्मार्कच्या जर्मनीने १८८९ साली पहिला मोठा पेन्शन कायदा केला तेव्हा वय ठेवलं होतं सत्तर. पासष्ट हे बिस्मार्कचं असं सगळीकडे छापून येतं, पण ते १९१६ साली आलं. त्या काळी सत्तरी पाहणारे कामगार थोडे, त्यामुळे वचन देणं स्वस्त होतं. नंतर आयुर्मान वाढत गेलं आणि वचनातला आकडा बहुतेक ठिकाणी तिथेच राहिला. चीनने १९५० च्या दशकात पुरुषांसाठी साठ हे वय ठरवलं. ते हलवायचा निर्णय झाला २०२४ साली. मधल्या काळात तो देश निराळाच झाला होता.

वेगाचीही गोष्ट आहे. पासष्टीपुढच्या माणसांचं प्रमाण लोकसंख्येच्या ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला सुमारे ११५ वर्षं लागली. जपानला पंचवीस. दक्षिण कोरियाला अठरा. फ्रान्समध्ये चार पिढ्यांना जमवून घ्यायला वेळ मिळाला. कोरियात एकाच माणसाच्या नोकरीच्या काळात सगळं उलटंपालटं झालं. आणि आता ज्यांची पाळी आहे त्यातले बरेच देश कोरियाइतके श्रीमंत व्हायच्या आधीच म्हातारे होणार आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०७० चं दशक संपता संपता जगात पासष्टीपुढची माणसं अठराच्या आतल्या मुलांपेक्षा जास्त असतील.

आता जपानकडे जरा थांबू, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते तिथे आधी घडून गेलंय.

१९७३ साली जपानी सरकारने मोठ्या उत्साहात ‘कल्याणाचं पहिलं वर्ष’ जाहीर केलं. सत्तरीपुढच्यांना औषधोपचार फुकट, पेन्शन महागाईला जोडलेलं. देश तरुण होता, कारखाने धडाडत होते, तिजोरी भरलेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेलाचा भडका उडाला. पुढच्या दहा वर्षांत दवाखान्यांच्या बाकांवर म्हाताऱ्यांच्या गप्पांचे अड्डे बसू लागले. ‘अमके आज दिसले नाहीत, आजारी असतील’ असा विनोदच तिथे रूढ झाला. त्यामागचं दुखणं मात्र गंभीर होतं. घरी बघायला कुणी नाही आणि दुसरी सोय नाही, म्हणून माणसं महिनोन्‌महिने दवाखान्याच्या खाटेवर पडून राहत. सगळ्यात महागडी खाट सगळ्यात साध्या गरजेसाठी अडायची. १९८३ साली फुकट उपचार बंद झाले, आणि शुश्रूषेचा वेगळा विमा यायला २००० साल उजाडलं. चाळिशीपासून प्रत्येकाने त्यात हप्ता भरायचा. म्हणजे एका वर्षात दिलेलं वचन निस्तरायला सत्तावीस वर्षं गेली.

महसुलाची बाजूही तिथेच पाहण्यासारखी आहे. काम करण्याच्या वयातली माणसं जपानमध्ये १९९५ च्या सुमारास सगळ्यात जास्त होती, एकूण लोकसंख्या २००८ च्या सुमारास. म्हणजे देश आकसायला लागण्याच्या तेरा वर्षं आधीच कर भरणारे हात कमी व्हायला लागले होते. पगारावरच्या कराचा पाया असा खचला की उरतो तो खर्चावरचा कर, जो निवृत्तालाही चुकत नाही. जपानने तो १९८९ साली ३ टक्क्यांनी सुरू केला. मग ५, मग ८, आणि २०१९ साली १०. प्रत्येक वाढीला राजकीय किंमत पडली, म्हणून प्रत्येक वाढ उशिरा झाली, आणि मधली फट कर्जाने बुजवली गेली. आज तिथलं सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे. ते बुडालं का? नाही. बहुतेक कर्ज घरच्याच लोकांचं आहे आणि व्याज वर्षानुवर्षं शून्याच्या आसपास होतं. म्हातारे देश बचत मोडून खायला लागले की व्याजदर वर जातात की मरगळीमुळे खालीच राहतात, यावर अर्थशास्त्रज्ञांचे दोन तट आहेत आणि मी कोणत्याच तटात नाही. एवढं मात्र म्हणेन की कर्ज काढण्याचा बेत ज्याने केला, तो आणि ते फेडणारा एकच नव्हता.

त्याच देशातलं युबारी हे गाव तुम्हा सगळ्यांना दाखवून आणलं पाहिजे. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं हे कोळशाचं गाव. १९६० च्या सुमारास लाखावर वस्ती. खाणी एकेक करत मिटल्या, तरुण निघून गेले. पालिकेने पर्यटनाच्या आशेने करमणुकीचं उद्यान, स्की-केंद्र असलं काय काय उभं केलं, आणि तोटा दिसू नये म्हणून एका खात्यातलं तात्पुरतं कर्ज दुसऱ्या खात्यात फिरवत राहिली. २००६ साली बिंग फुटलं. सुमारे ३,५०० कोटी येनचा खड्डा. १७१ खाटांचं रुग्णालय १९ खाटांच्या दवाखान्यावर आलं. शाळा मिटवत मिटवत प्राथमिक एक आणि माध्यमिक एक उरली. कर्मचाऱ्यांचे पगार कापले, कर वाढवले, मग जे जाऊ शकत होते तेही गेले. राहिले ते बहुतेक म्हातारे, आणि फेडीचा भार त्यांच्या माथी. म्हातारपणाने युबारीला मारलं असं म्हणायची पद्धत आहे. वह्या वाचल्या तर वेगळं दिसतं. म्हातारपण हळूहळू येत होतं, ते लपवण्याचा खर्च भराभर वाढत होता.

इथे माझी मागणी सांगतो, एकच आहे. वचन द्याल त्या दिवशी ते वहीत चढवा, आणि मोडायचं झालंच तर ज्याला दिलं त्याला वेळेवर कळवा.

वेळेवर म्हणजे किती? दोन दाखले शेजारी ठेवतो. अमेरिकेने १९८३ साली पूर्ण पेन्शनचं वय पासष्टवरून सदुसष्टवर न्यायचा कायदा केला. तो पूर्ण लागू झाला १९६० साली किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, म्हणजे २०२७ साल उजाडेपर्यंत ही चाल संपत नाही. कायदा झाला तेव्हा ज्यांना त्याची पूर्ण झळ बसणार होती त्यातला सगळ्यात मोठा तेवीस वर्षांचा होता. त्या दोन वर्षांसाठी कुणी रस्ते अडवले नाहीत. फ्रान्सने २०२३ साली बासष्टचं चौसष्ट केलं. तीही दोनच वर्षं. पण संसदेत अखेरचं मतदान टाळून, घटनेतलं खास कलम वापरून कायदा झाला आणि सप्टेंबरपासून लागूही. लाखो माणसं रस्त्यावर उतरली. फ्रेंचांना संपाची हौस आहे असं म्हणून हसणं सोपं आहे. साठी गाठलेल्या माणसाने घर, कर्ज, नवराबायकोचं पुढचं आयुष्य एका तारखेवर बेतलेलं असतं, आणि तुम्ही ती तारीख सहा महिन्यांच्या सूचनेवर सरकवता. हसू येत नाही.

कायद्यात मुदत ठेवली की काम झालं, असंही समजू नका. ब्रिटनने १९९५ साली बायकांचं पेन्शनचं वय साठवरून पासष्टवर न्यायचं ठरवलं, सुरुवात २०१० पासून. कागदावर पंधरा वर्षांची मुदत, उत्तम. पण १९५० च्या दशकात जन्मलेल्या असंख्य बायकांना हे कळलंच नाही. पत्रं पाठवायला सरकारने वर्षांमागून वर्षं घालवली आणि मधेच २०११ साली वेळापत्रक आणखी अलीकडे ओढलं. कळवण्यात हयगय झाली, हे तिथल्या लोकपालानेही नंतर नोंदवलं. राजपत्रात छापलं म्हणजे सांगितलं, हा समज फक्त राजपत्र छापणाऱ्यांचाच असतो.

उलट स्वीडनमध्ये १९९९ पासून दरवर्षी प्रत्येकाच्या घरी नारिंगी रंगाचं पाकीट येतं. तुझ्या नावावर इतके जमले, अमुक वयात थांबलास तर साधारण इतकं मिळेल, आणखी दोन वर्षं काम केलंस तर इतकं. बस. त्यांची योजनाच अशी बांधलीय की आयुर्मान वाढलं की मासिक रक्कम आपोआप जुळवून घेते, आणि देणी जमेपेक्षा वाढली तर एक आपोआप लागणारा ब्रेक आहे. २००८ च्या मंदीनंतर तो ब्रेक लागला तो नेमका २०१० साली, निवडणुकीच्या वर्षी. सरकारने पेन्शनरांचा कर कमी करून धक्का थोडा सौम्य केला, पण ब्रेक मोडून टाकला नाही. मला त्या पाकिटाचा हेवा वाटतो. माझ्या कामात सगळी आकडेमोड असायची, पण ती ज्याच्या आयुष्याबद्दल होती त्याच्या हातात कधी पडत नसे.

माझ्या धंद्यातल्या लोकांचं म्हणणं ऐकल्याचंही एक उदाहरण आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर कॅनडाच्या मुख्य ॲक्चुअरीने सांगितलं की असंच चाललं तर पेन्शन निधी २०१५ पर्यंत रिकामा होईल आणि पुढे हप्ता पगाराच्या १४ टक्क्यांवर न्यावा लागेल. तेव्हा हप्ता ६ टक्क्यांच्या आत होता. केंद्र आणि प्रांत एकत्र बसले आणि १९९७ साली ठरवलं की २००३ पर्यंत तो ९.९ टक्क्यांवर न्यायचा, आणि जास्तीचे पैसे सरकारच्या हाताला न लागता वेगळ्या मंडळाने गुंतवायचे. म्हणजे आज थोडं जास्त भरून नंतरचे १४ टक्के टाळले. बातमी झाली नाही, आंदोलन झालं नाही.

पण निधी साठवला की प्रश्न मिटला, असं जे सांगतात त्यांच्यापासून सावध राहा. दोन कारणं आहेत. एक म्हणजे साठलेला पैसा तुमच्याच डोळ्यांत येतो. अर्जेंटिनाने २००८ साली, हंगेरीने २०१० च्या सुमारास खासगी पेन्शन खात्यांतली रक्कम सरकारकडे वळवली, पोलंडने २०१४ साली निम्मी. चिलीमध्ये कोविडच्या साथीच्या काळात लोकांनाच तीन वेळा दहा-दहा टक्के काढून घ्यायची मुभा दिली, आणि ज्यांची खाती लहान होती त्यांच्यातल्या अनेकांची ती रिकामीच झाली.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. पैसा साठवता येतो, सेवा साठवता येत नाही. २०५० साली पलंगावर पडलेल्या माणसाला कूस बदलून देणारा हात २०५० सालीच लागणार. तो हात आज घेऊन ठेवता येत नाही. त्या वर्षी जे काही पिकेल, बनेल, शिजेल आणि केलं जाईल, त्यातूनच म्हाताऱ्यांचा वाटा निघणार, मग तो कराच्या रूपाने जावो की समभागांच्या लाभांशाच्या रूपाने. म्हणून खरे मार्ग मोजकेच उरतात : काम करणाऱ्या प्रत्येकाने जास्त निर्माण करणं, जास्त माणसांनी काम करणं, किंवा वाटा कमी करणं. बाकी सगळी नुसती हिशेबाची फिरवाफिरव. जन्मदर वाढवण्याच्या योजनांबद्दल तुमच्यापैकी काही फार बोलता. कोरियाने त्यावर पाण्यासारखा पैसा ओतला आणि २०२३ साली तिथे एका बाईमागे सरासरी ०.७२ मूल होतं. जन्मदर वाढला तरी आज जन्मलेलं बाळ पुढची वीस वर्षं कर भरणार नाही, शाळा मागणार.

शुश्रूषेचं गणित तर वेगळंच आहे. एका म्हाताऱ्याला आंघोळ घालायला १९७० साली जितका वेळ लागायचा तितकाच आजही लागतो, पण ती घालणाऱ्याचा पगार बाकीच्या पगारांबरोबर वाढणार आणि वाढायलाच हवा. म्हणून हा खर्च नेहमी बाकीच्या खर्चांपेक्षा पुढे पळणार. औषधोपचाराबद्दल मात्र थोडा दिलासा आहे. माणसावरचा मोठा खर्च त्याच्या वयापेक्षा तो मरणाच्या किती जवळ आहे यावर जास्त अवलंबून असतो, असं १९९० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसत आलंय. माणूस ऐंशीऐवजी नव्वदीत गेला तर शेवटच्या वर्षाचा खर्च दहा वर्षं पुढे जातो, दहापट होत नाही. दवाखाना आणि शुश्रूषा एकाच खात्यात कोंबणारे अर्थसंकल्प हा फरक बुजवून टाकतात.

आणि जिथे पेन्शन नाहीच, शुश्रूषेचा विमा नाहीच, तिथले अर्थमंत्री कृपया सुटकेचा श्वास सोडू नका. तुमच्या वहीत खर्च दिसत नाही कारण तो दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातून वजा होतोय. बहुतेक वेळा एका बाईच्या. सासूला बघायला नोकरी सोडलेल्या सुनेचा कर तुमच्याकडे येत नाही, तिच्या स्वतःच्या म्हातारपणाचे हप्ते थांबतात, आणि वीस वर्षांनी ती रिकाम्या हाताने तुमच्याच दारात येते. विमा असलेल्या जपानमध्येही दरसाल सुमारे एक लाख माणसं घरच्यांच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडतात. जिथे विमाच नाही तिथलं कुणी मोजलेलं तरी असतं का?

निवृत्तीचं वय वाढवण्याबद्दल शेवटचं. मी त्याच्या विरोधात नाही. खुर्चीत बसून आकडे मांडणारा माझ्यासारखा माणूस सत्तरीपर्यंत सहज काम करतो, उलट घरी बसवलं तर चिडचिडा होतो. पण सोळाव्या वर्षी विटा उचलायला लागलेल्याची पाठ साठीत संपलेली असते, आणि तो मुळात माझ्याइतका जगतही नाही. वय सरसकट वाढवलं की त्याच्या हप्त्यांतून माझी लांबलेली वर्षं पोसली जातात. डेन्मार्कने वय आयुर्मानाला बांधलंय, पंधरा वर्षांच्या सूचनेसह. २०४० साली ते सत्तर होणार हे २०२५ च्या मे महिन्यात ठरलं. पण लवकर कामाला लागलेल्यांना तीन वर्षांपर्यंत आधी थांबायची वाटही त्यांनी ठेवलीय. ती वाट अजून अरुंद आहे असं तिथल्या कामगार संघटना म्हणतात, आणि मला त्यांचं पटतं.

तेव्हा पुढच्या अर्थसंकल्पाला एक जास्तीचा तक्ता जोडा. आजवर दिलेली वचनं, कोणत्या वर्षी किती देणं पडेल, कुठून येणार, आणि कमी पडलं तर कुणाचं कापलं जाणार, हे सगळं त्यात येऊ द्या. तक्ता तुमच्या खात्याने करू नये. ज्याची नेमणूक तुम्ही रद्द करू शकत नाही अशा विमागणितीने करावा. माझ्या पिढीचं पेन्शन त्यात जड दिसलं आणि थोडं कापावं लागलं, तर कापा. आम्ही आरडाओरडा करू, आमची मतं बरीच आहेत आणि मतदानाच्या दिवशी आम्हाला दुसरं काम नसतं, हे तुम्ही जाणताच. तरीही.

आणि १९९५ साली जन्मलेल्या त्या माणसाला एक पत्र पाठवा. तो आता तिशीत आहे, त्याच्याकडे अजून पस्तीस वर्षं आहेत. पत्ता तुमच्या दप्तरात आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त विमागणिती